मेजरच्या गळ्यातलं लोढणं

मी बाभळीचा ओंडका बोलतोय. हातभर लांब, मनगटाहून जाड, वरच्या टोकाला भोक आणि भोकातून ओवलेली काथ्याची दोरी. पळपुट्या गुराच्या गळ्यात घालतात ते लोढणं म्हणजे मी. जन्मात एकदाच बोलणार आहे, तेव्हा गोड बोलेन असं समजू नका. बाभळीच्या घराण्यात गोडवा नाही, काटे आहेत.

निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या जोतिबाच्या तंबाखूच्या रानात, बांधावर मी वाढलो. बांधावरची बाभळ कुणी पेरत नाही, तिला कुणी पाणी घालत नाही. शेंगा शेळ्यांच्या, डिंक बाळंतिणींचा, आणि फांद्यांना टांगलेली घरटी सुगरणींची. माझं बरं चाललं होतं. एका उन्हाळ्यात जोतिबा भरमू सुताराला घेऊन बांधावर आला आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"ही फांदी बग. लोढण्याला बेस हाय."

फांदीला कुणी विचारलं?

भरमूनं मला एका दुपारीत घडवलं. साल सोलली, खालचं टोक वाकसानं गोल केलं, वरच्याला भोक पाडून तसंच खरबरीत सोडलं. जोतिबा म्हणाला, "वरनं बी जरा तासून घे की." भरमू विडी पेटवत म्हणाला, "गुराला चालतंय. गुराला काय कळतंय!" ज्याच्या गळ्यात जायचं नसतं, तोच ठरवतो कुणाला काय कळतं ते. आम्ही लाकडं ऐकतो आणि गप बसतो.

पहिल्यांदा मी गेलो एका कालवडीच्या गळ्यात. तिला शेजारच्या कोवळ्या शाळवाची चटक लागली होती. ती पळायला लागली की मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचो, ती थांबायची. मला त्यात हौस नव्हती. माझं वजन माझ्या हातात आहे का? कालवड व्याली, शहाणी झाली आणि मला गोठ्याच्या मेढीला अडकवून ठेवलं. दोन वर्षं कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. आयुष्यातली तीच काय ती सुखाची वर्षं.

सत्तेचाळीस सालचा शिमगा झाला आणि एक दिवस दारात लॉरी थांबली. बेळगावहून निपाणी भागात तंबाखू भरायला रिकामी निघालेली लॉरी. तिच्यातून उतरला नागोजी, मालुबाईचा धाकटा भाऊ. बेळगावच्या कँपात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तो माळी होता. आणि त्याच्या मागून, साखळी वाजवत, एक जनावर उतरलं.

मालुबाई म्हणजे जोतिबाची बायको. चुलीपुढनं पीठभरल्या हातानं उठून आली आणि दारातच थबकली.

"आगं बया! वासरू हाय का कुत्रं रं हे?"

"कुत्रं हाय आक्का. साहेबाचं. मेजर म्हणत्यात याला. ठेवून घे."

"आणि साहेब कुठं गेला?"

"चाललाय इलायतेला. सगळीच चालल्यात. जायच्या आधी त्यानं एक शिपाई बोलावला बंदूक घेऊन. गुलाबाच्या वाफ्यामागं नेऊन घाल गोळी म्हणाला."

"कुणाला चावलं होतं?"

"कुणाला न्हाई गं! साहेबाची लई माया हुती त्याच्यावर. ताटातलं घालायचा. माझ्यामागं याचे हाल हुतील, त्यापरीस गोळी बरी, म्हणाला."

मालुबाईनं पिठाचा हात कपाळाला लावला. "ही कसली रं माया? मग बायकोला बी घालून जाणार हाय का गोळी?"

"मी म्हटलं, साहेब, मला द्या. त्यानं साखळी माझ्या हातात दिली आणि पाठ करून आत गेला."

एवढ्यात जोतिबा रानातून आला. त्यानं मेजरला डोक्यापासून शेपटीपर्यंत पाहिलं. माणूस वाईट नव्हता तो, पण घास मोजूनमापून घालणारा.

"खातंय काय हे?"

"दाजी, सकाळी दूध-पाव, सांजचं मटणाचं पाणी आणि हाडकं," नागोजी खाली बघत म्हणाला.

"असं का? मग मलाच बांध की साहेबाच्या दारात. चार बोटं शेपूट लावून येतो."

पण मालुबाई आत गेली होती. ती तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. नवा बैल दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात, तोंडावरून तुकडा ओवाळून टाकतात, तसंच तिनं कुत्र्याचं केलं. कपाळाला कुंकूसुद्धा लावलं. मेजर निमूट उभा राहिला. भिंतीपलीकडून शेजारीण राजाबाईचं डोकं वर आलं. भिंतीपलीकडं काही घडलं आणि राजाबाईचं डोकं वर आलं नाही, असं आजवर झालेलं नाही.

"मालाक्का, बैल आणलास व्हय? एकच का? कुळवाला जोडी लागतीया!"

"जोडीला तू ये की," मालुबाई म्हणाली.

असा मेजर घरात आला. आता एका मुलखातून उपटून दुसरीकडं लावलेलं रोपसुद्धा चार दिवस मान टाकतं. मग हा तर जीव. तो दिवसभर सडकेकडं तोंड करून बसायचा. लॉरी दिसली की उठायचा, गेली की बसायचा. मालुबाईनं ताकात भाकरी कुस्करून घातली, त्यानं हुंगून सोडली. दुधात घातली, तेव्हा तिच्याकडं बघत बघत खाल्ली. तिसऱ्या दिवशी तो तिच्या मागोमाग पाणोठ्यावर गेला. राजाबाईसकट सगळ्या बायका घागरी टाकून पळाल्या. तो नदीत उतरून पोटभर पाणी प्यायला, अंग झाडलं आणि मालुबाईच्या पायाशी बसला. हे मी मुद्दाम सांगतोय, ध्यानात ठेवा. त्या बायकांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी तो गेला. बेळगावच्या सडकेनं, सरळ. तवंदीच्या घाटात एका लॉरीवाल्यानं त्याला ओळखलं आणि आणून सोडलं. दोन दिवसांनी परत गेला. या खेपेला मालुबाई स्वतः चालत घाटापर्यंत गेली आणि त्याच्या पट्ट्याला पदर बांधून घेऊन आली. पायाला फोड आले होते. येताना ती त्याला शिव्या देत होती आणि तो कान पाडून ऐकत होता. फाटकात शिरताना तो तिच्या पुढं झाला, आपलं घर असल्यासारखा. मेढीवरून मी पाहिलं. मला वाटलं, आता दोन खेपा गेला, तिसऱ्या खेपेला निम्म्यातून परत येईल, चौथ्याला जाणार नाही. जनावराला तेवढी सवड द्यावी लागते.

सवड! ती माणसाजवळ असती तर मी आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

जोतिबा म्हणाला, "पुन्यांदा गेलं तर लॉरीखाली जाईल. न्हाईतर कोण तरी धोंडा घालंल. वासराएवढं हाय न्हवं? मग वासराचाच इलाज." आणि त्यानं हात वर करून मला मेढीवरून काढलं.

मालुबाई म्हणाली, "आवो, कुत्र्याला कुठं लोढणं घालत्यात?"

"आणि कुत्र्याचे पाय कुठं धुत्यात? तू बैल करून घरात घेतलंस, तवा मी काय बोललो का?"

यावर ती चुलीकडं वळली. माझा राग तिच्यावरही आहे, तो इथं. पण तो राग मी पुढं सोडला. का सोडला ते कळेल.

कुत्रं उंचीला कालवडीपेक्षा कमी. म्हणून जोतिबानं माझी दोरी आखूड केली, चार बोटांची ठेवली, आणि मला साहेबाच्या चामडी पट्ट्याला बांधून टाकलं. दोन दिवस अंगवळणी पडेतो साखळीही लिंबाला बांधली. मग लोढण्यावर मोकळा सोडू, म्हणाला. मायेनंच म्हणाला. साहेबाची माया बंदूक घेऊन आली, जोतिबाची मला घेऊन आली. तुमची माया पहिल्यांदा गळाच कसा धरते, सांगा मला.

संध्याकाळी मालुबाईनं परातीत पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं. आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट एवढ्याशा जागेत आहे. गुरं पाणी पितात ती दगडी डोणीत. डोण मांडीइतकी उंच. गुरानं मान घातली तरी लोढणं खाली मोकळं लोंबतं. परात होती जमिनीवर. मेजरनं मान खाली घातली, की माझं खालचं टोक परातीत आपटायचं, खण्ण. मला पुढं जायला जागा नाही. मग वरचं टोक, तेच भरमूनं खरबरीत सोडलेलं, भाल्यासारखं त्याच्या नरड्यात घुसायचं. तो कळवळून मागं उडायचा. परात पालथी, पाणी मातीत.

तीन वेळा त्यानं वाकून पाहिलं. तीनदा मी त्याला भोसकलं. चौथ्यांदा परात समोर येताना दिसली, तेव्हा तो दात दाखवून गुरगुरला. परातीवर नव्हे, माझ्यावर. पण परात धरणारी मालुबाई होती, तिला वाटलं आपल्यावरच. ती भ्याली. तिनं परात काठीनं पुढं सरकवली आणि लांब झाली. त्या दिवसापासून घरातलं कुणी दोन हातांच्या आत आलं नाही. भाकरीसुद्धा लांबूनच फेकली. ती घ्यायला वाकला, की तेच.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणलं. त्याच्या तोंडाला फेस आला, जीभ लाकडासारखी झाली. आणि मी त्याच्या छातीशी. ओरडलो असतो, पण तोंड कुठलं? ज्याच्यामुळं होतंय त्यालाच सगळं ठाऊक आणि त्यालाच बोलता येत नाही, याच्याइतका संताप दुसऱ्या कशाचा नाही.

एकच गोष्ट मला करता आली, तीही केली नाही, आपोआप झाली. परातीत आपटताना माझं खालचं टोक ओलं व्हायचं. सगळे लांब गेले की तो आडवा पडायचा, मला पुढच्या दोन पंजांत धरायचा, आणि माझ्या अंगावरचं पाणी चाटून घ्यायचा. ज्यानं त्याचा गळा फाडला त्यालाच चाटायचा. ते दोन थेंब पाणी पिऊन तो जगला.

दुपारी भरमू सुतार वाटेनं चालला होता. फाटकाशी थांबला. मालुबाईनं परात काठीनं सरकवली, मेजर वाकला, उडाला, गुरगुरला, फेस गळला. भरमू दोन पावलं मागं सरला.

भरमूवर मी रागावलोय, पण त्याचंही सांगितलं पाहिजे. मागल्या उन्हाळ्यात त्याच्या सख्ख्या भावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. भाऊ घरातच गेला, खाटेला बांधलेला. तांब्या दिसला की किंचाळायचा. ते ज्यानं पाहिलं त्याला पाण्यापासून मागं सरणारं जनावर दिसलं की दुसरं काय दिसणार?

"जोतिबा!" तो ओरडला. "पाण्याला भितंय ते! पिसाळलंय!"

झालं. गावात शब्द सुटला की वाऱ्यालाही मागं टाकतो. भिंतीवर राजाबाईचं डोकं आलं. "मला पयल्या दिशीच वाटलं हुतं बाई. डोळं बगा की कसं लाल!" चार-पाच दिवसांमागं याच बाईनं त्याला नदीत पोटभर पाणी पिताना पाहिलं होतं. विचारलं का कुणी तिला? तिनं तरी सांगितलं का?

पाटील आला. फाटकाबाहेरूनच बघितलं. चावडीवर त्या दिवसांत रोज संध्याकाळी बोलणी चालायची. इंग्रज जाणार, देशाच्या गळ्यातलं लोढणं निघणार. पाटील त्यात सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. पण इथं त्याच्यापुढं खरंखुरं लोढणं गळ्यात घातलेलं जनावर उभं होतं आणि त्याला लोढणं दिसलं नाही, फेस तेवढा दिसला.

"सकाळी बंदूक घेऊन येतो," तो म्हणाला. "तंवर फाटक लावून घ्या."

जोतिबानं मान डोलावली. मालुबाई दारात उभी होती. तिची नजर मेजरवर होती. तो आडवा पडला होता आणि मला पंजांत धरून चाटत होता.

"आवो, ते बगा. काय करालंय ते?"

"लाकूड चाटालंय. येड लागल्याची खूणच हाय ती."

"लाकूड न्हवं. लाकडावरलं पाणी."

"तेच ते."

"तेच कसं?" ती म्हणाली. पण जोतिबा आत निघून गेला होता. ती उंबऱ्यावर बसली आणि दिवस बुडेपर्यंत बघत राहिली. मी मनात म्हणालो, बाई, उठ, चार पावलं पुढं ये, माझ्या वरच्या टोकाला रक्त लागलंय ते बघ. ती आली नाही. भीती होती तिलाही. भीतीला मी दोष देत नाही. भीतीला शहाणपण म्हणून मिरवतात, त्याचा मला राग.

सकाळी पाटील आला. खांद्याला ठासणीची बंदूक, मागं भरमू, त्याच्या मागं आणखी दहा-बारा गडी. एका मुक्या जनावराला मारायला एवढे! राजाबाई आज भिंतीवर डोकं ठेवून नव्हती, आख्खीच चढून बसली होती.

मालुबाई परात घेऊन बाहेर आली.

"हे काय?" पाटलानं विचारलं.

"तान्हेल्या जिवाला मारू देणार न्हाई. पाणी पाजतो, मग काय ते करा. कसाई बी पाजतोय."

गडी हसले. पाटीलही हसला. "वैनी, पाण्याला भितंय म्हणून तर मारायचं, आणि तुमी त्याला पाणीच पाजणार? बाजूला व्हा."

ती बाजूला झाली नाही. लिंबाकडं चालायला लागली. जोतिबानं दंड धरला. "येडी का खुळी? चावलं म्हंजे पोटात चौदा सुया! त्या बी वेळेत मिळाल्या तर. भरमूच्या भावाचं बगितलंस न्हवं?"

"सोडा मला."

"आगं..."

"सोडा म्हणतो न्हवं!"

त्यानं सोडलं. ती मेजरपुढं जाऊन बसली, मांडी घालून, एका हाताच्या आत. तीन दिवसांत पहिल्यांदा माणसाच्या अंगाचा वास मला आला. परातीतलं पाणी हलत होतं. तिनं परात जमिनीवर ठेवली. मेजरनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. मग तिच्या मायेखातर त्यानं पुन्हा एकदा, ठाऊक असून, मान खाली घातली.

खण्ण. मी आपटलो. वरचं टोक आत गेलं. तो विव्हळून मागं उडाला, पाणी तिच्या मांडीवर सांडलं. गडी पळाले. पाटलानं बंदूक उचलली.

"थांबा!" मालुबाई ओरडली. असा आवाज त्या बाईच्या गळ्यातून त्या वाड्यावस्तीनं कधी ऐकला नव्हता. "थांबा मुडद्यांनो!"

तिनं पाहिलं होतं. एका हातावरून पाहिलं की दिसतंच. तिनं उरल्या पाण्यासकट परात दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या तोंडाच्या उंचीला धरली. मान वाकवावी लागली नाही. मी मोकळा लोंबत राहिलो. आणि तो प्यायला. कसा प्यायला! जिभेचा आवाज फाटकापर्यंत गेला. परात कोरडी झाली तरी तो तळ चाटत राहिला.

"बगितलंत?"

पाटलाची बंदूक खाली आली नव्हती. भरमू पुढं आला.  "वैनी, माझा भाऊ बी पयल्या दिशी प्याला हुता. मग न्हाई प्याला. मला फशिवलं त्यानं. तुमी फसू नगा. पाटील, घाला गोळी."

"आरं, पाण्याला न्हाई भ्यालं ते! ह्या मड्याला भ्यालंय!" तिनं मला हातात धरलं.

"लोढण्याला कोण भितंय? गुरं घालून हिंडत्यात," गर्दीतून कोण तरी म्हणालं.

मग तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मरण काही लांब नाही. तिनं मेजरच्या गळ्यातला पट्टा सोडला, माझ्यासकट. पट्ट्याची साखळी काढून टाकली, पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि कडी लावली. डोईवरचा पदर खांद्यावर आला, तिनं तो सावरला नाही. दहा-बारा गड्यांपुढं, दिराच्या नात्यातल्या माणसांपुढं, भर अंगणात ती हातापायांवर रांगती झाली. कोरडी परात समोर ओढली आणि तिच्यात तोंड घालायला वाकली.

मी काय करणार होतो? मी लाकूड. मी आपटलो, आणि तिच्याही नरड्यात घुसलो.

ती खोकली. डोळ्यांतून पाणी आलं. जोतिबा "आगं, आगं" करत धावला. तिनं हातानं त्याला मागं ढकललं आणि परत वाकली. परत तसंच. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिच्या गळ्यावर रक्ताची रेघ उमटली होती आणि तोंडातून लाळ गळत होती. तशीच मान वर करून ती पाटलाकडं बघून म्हणाली,

"माझ्या बी तोंडाला फेस आलाय. मी बी परातीपासनं मागं सरालोय. मग मी बी पिसाळलोय न्हवं? घाल की गोळी! का बायको हाय जोतिबाची म्हणून थांबलास?"

 भिंतीवरून राजाबाई हळूच खाली उतरली. मेजर पुढं आला, मोकळा होता आता, आणि त्यानं मालुबाईचं तोंड चाटलं. बंदुकीच्या नळीपुढं.

पाटलानं बंदूक खांद्याला लावली. खाकरला. "तरी बी दहा दिस ध्यान ठेवा," म्हणाला, आणि निघाला. गडी त्याच्या मागं. भरमू तेवढा फाटकाशी घोटाळला. काही तरी म्हणणार असं वाटलं. "म्हंजे... माझा भाऊ..." एवढंच म्हणाला आणि डोळे पुसत गेला. त्याला मी सोडून दिलं. पण बाकीच्यांतल्या एकानं, एकानं तरी, "चुकलं" म्हणावं? साधा शब्द. चुकलं. उलट संध्याकाळी चावडीवर पाटीलच सांगत होता म्हणे, की मला पयल्यापासनंच शंका हुती.

जोतिबानं बायकोच्या गळ्यातून मला सोडवलं.  पण सवय जाते का? मला मेढीकडं नेत म्हणाला, "लाकूड चांगलं हाय. कालवडीच्या कालवडीला लागंल."

"आणा हिकडं," मालुबाई म्हणाली.

"आगं, पण..."

"कालवडीला बी न्हाई. कुणालाच न्हाई. आणा."

भिंतीपलीकडून आवाज आला, "मालाक्का, टाकणारच असशील तर आमच्या शेळीला दे की. लई पळतीया."

मालुबाईनं भिंतीकडं नुसतं पाहिलं. आवाज परत आला नाही.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठून बोलतोय. मी न्हाणीच्या चुलीत आहे. वर पाण्याचा हंडा आहे, त्यात लिंबाचा पाला आहे. त्या पाण्यानं मेजरची जखम धुवायची आहे, आणि तिची स्वतःचीही. माझं खालचं टोक पेटलं आहे. तुम्हाला दया येत असेल तर गिळून टाका, मला नको आहे. तुमच्या बोलण्यात नको असलेल्या माणसालाही तुम्ही माझंच नाव देता, सुनेला, म्हाताऱ्याला, विधवेला. नाव माझं, बांधणारे तुम्ही.

मेजर फाटकाशी आहे. फाटक उघडं आहे. जोतिबा दोनदा लावायला गेला, मालुबाईनं दोनदा उघडलं. "जायचं तर जाऊ दे. मी घाटापातूर जाऊन आणीन. रोज आणीन," म्हणाली. तो अर्धा आत आणि अर्धा सडकेवर आडवा पडलाय. आत्ताच एक लॉरी गेली बेळगावकडं. त्यानं डोकं उचललं. उठला नाही. उद्या उठेल, नाही उठणार, मला ठाऊक नाही. ते ठरवायला आता त्याच्या गळ्यात मी नाही, यातच माझ्या जन्माचं काय ते बरं झालं.

दुसऱ्याच्या दारातलं जनावर तुम्ही आपल्या दारात आणाल. आणा, जरूर आणा, त्याचा जीव वाचतो. पाय धुवा, कुंकू लावा, नाव ठेवा. पण ते खाईना, पिईना, गुरगुरायला लागलं, तर बंदूक आणायच्या आधी त्याच्याजवळ एका हातावर जाऊन बसा, आणि त्याच्या गळ्यात तुम्ही काय बांधलंय ते बघा. एवढं जमत नसेल तर आणू नका.

धूर झाला वाटतं. बाई डोळे चोळतेय. फुंक, मालुबाई, फुंक जोरानं. बाभळीचा विस्तव कडक असतो. पाणी चांगलं कढू दे.